रिसीव्हर सर्वांत शेवटी

होम थिएटरसाठी रिसीव्हर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा, दुसरा चॅनलचा आणि तिसरा डिस्काउंटचा. तिन्हींची उत्तरं दुकानदाराकडे तयार असतात. ज्यांची उत्तरं त्याच्याकडे नसतात ते प्रश्न घरीच राहिलेले असतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलाय की मागे जागा आहे, हॉलची रुंदी किती, वायर कुठून जाणार, टीव्हीच्या मागे नेमकी कोणती सोय आहे, रात्री दहानंतर आवाज किती चालेल. माझं मत असं की, या सगळ्या खरेदीत रिसीव्हर सर्वांत शेवटी ठरवावा. आधी खोली, मग स्पीकर, मग जोडण्या, आणि या तिन्हींना पुरेल तो रिसीव्हर. बाजार मात्र उलट्या टोकाने चालतो, कारण खोक्यावर ठळक छापता येतील असे आकडे रिसीव्हरकडेच असतात.

हे यंत्र करतं काय, ते थोडक्यात. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, मोबाइल यांचे सिग्नल ते एका जागी घेतं. डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधून आलेला आवाज सोडवून कोणता भाग कोणत्या स्पीकरकडे जायचा ते ठरवतं. खोली आणि अंतरं बघून त्यात दुरुस्ती करतं, आणि शेवटी पाच, सात किंवा नऊ अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकर हलवण्याइतकी ताकद पुरवतं. एका खोक्यात ही चार कामं आहेत आणि चौघांचं आयुष्य सारखं नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा भाग नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं सहज चालतो. एचडीएमआयचा भाग पाच-सहा वर्षांत शिळा होतो. पैसे मात्र दोन्हींचे एकत्रच मोजावे लागतात.

आवाज पडद्यामागून निघून प्रेक्षकाभोवती फिरवण्याची हौस जुनी आहे. डिस्नेने १९४० मध्ये 'फँटेशिया'साठी खास ध्वनियंत्रणा बनवली, पण ती इतकी महागडी होती की मोजक्याच थिएटरांत बसली. आपल्याकडे अनेकांना आठवतो तो १९७५चा 'शोले'. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हामध्ये ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात तो पाच वर्षं चालला. गंमत म्हणजे ज्या रस्त्यावर लोकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, त्याच रस्त्यावर पुढच्या पिढ्या अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग शोधत फिरल्या. आणि ज्यांचं नाव आज प्रत्येक रिसीव्हरवर छापलेलं असतं ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार होते. तिथून लंडनला जाऊन त्यांनी १९६५ मध्ये आपली प्रयोगशाळा काढली. १९९२च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, १९९३च्या 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस, आणि मग डीव्हीडीवर बसून ५.१ घरात शिरलं. २०१२ मध्ये थिएटरांत अ‍ॅटमॉस आलं. त्यात आवाज ठरावीक स्पीकरला न बांधता त्याची हवेतली जागाच नोंदवली जाते आणि समोर जितके स्पीकर असतील तितक्यांवर ती जागा उभी करण्याचं काम यंत्र करतं. २०१४ पासून ते घरच्या रिसीव्हरमध्येही आहे. आज मध्यम किमतीच्या रिसीव्हरमध्ये हे सगळे प्रकार असतातच, त्यामुळे लोगोंची रांग बघून निवड करण्यात काही अर्थ उरलेला नाही.

आता वॉट. या बाबतीत आपला ग्राहक जुना पोळलेला आहे. नव्वदच्या दशकात साध्या कॅसेट डेकवरही '५००० वॉट पीएमपीओ' छापलेलं असायचं. पीएमपीओ मोजायची कोणतीही मान्य पद्धत नव्हती. कंपनीच्या मनाला येईल तो आकडा. त्याच काळात पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणि लॅमिंग्टन रोडवरून '४४४०चा बोर्ड' आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर असेंबल करणारी पोरं गल्लोगल्ली होती. त्या एलए४४४० आयसीची अधिकृत ताकद स्टिरिओमध्ये चॅनलमागे ६ वॉट आणि ब्रिज जोडणीत १९ वॉट. तेवढ्यात लहान मंडळाचा गणपती दहा दिवस वाजायचा. हे लक्षात ठेवलं तर पुढचं गणित पटायला सोपं जाईल.

आजचे रिसीव्हर पीएमपीओइतकं खोटं बोलत नाहीत, पण अर्धसत्य बोलतात. एकाच मॉडेलच्या माहितीपत्रकात दोन ओळी असतात. समजा पहिली म्हणते, '१६५ वॉट, ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १ टक्का टीएचडी, १ चॅनल'. दुसरी म्हणते, '८० वॉट, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, २ चॅनल'. खोक्यावर ठळक येते ती पहिली. तिचा अर्थ इतकाच की बाकी सगळे स्पीकर गप्प ठेवून, एकाच सुरावर, आवाज थोडा फाटू दिला, तर एका चॅनलला इतकी ताकद मिळते. सिनेमा असा ऐकत नाही कोणी. दुसरी ओळ प्रामाणिक आहे, पण तीही दोनच चॅनलची. सगळ्या चॅनलना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो; पाचही स्पीकर एकदम पूर्ण जोरात मागायला लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून तुलना करायची तर नेहमी ८ ओम, पूर्ण पट्टा आणि दोन चॅनल असलेल्या ओळींचीच करावी. आणखी एक जुना उपाय आहे: रिसीव्हर उचलून बघा. वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं, आणि ते माहितीपत्रकात फुगवता येत नाही.

पण मुळात लागतात किती वॉट? बहुतेक स्पीकरच्या मागे 'सेन्सिटिव्हिटी' लिहिलेली असते. ८७ डेसिबल असेल तर १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. सोफा दहा फुटांवर, म्हणजे सुमारे ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात तिथे साडेनऊ डेसिबल कमी भरले असते; खोलीत भिंती थोडा आवाज परत फेकतात, म्हणून ८० धरू. घरात माणसं सिनेमा साधारण ७० डेसिबलच्या आसपास बघतात. ८० पेक्षा ७० म्हणजे दहाने कमी, आणि दहा डेसिबल म्हणजे ताकदीत दहापट फरक. म्हणजे तुमचा ८० वॉटचा रिसीव्हर सिनेमाचा बहुतेक वेळ एका वॉटचा दहावा भाग वापरत बसलेला असतो. स्फोट झाला, ढोल वाजला की आवाज वीस डेसिबलने उसळतो. तेव्हा ताकद शंभरपट लागते, म्हणजे १० वॉट. शेजाऱ्यांची पर्वा न करता अजून दहा डेसिबल चढवले तर १००.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक कामाची आहे. ८० वॉटऐवजी १६० वॉटचा रिसीव्हर घेतला तर जास्तीत जास्त आवाज वाढतो ३ डेसिबल, आणि किंमत कित्येकदा दुप्पट होते. ८७ऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर घेतले तर तेच ३ डेसिबल मिळतात आणि रिसीव्हर लहानही चालतो. अपवाद आहेत: बंगल्यातला वीस बाय तीसचा हॉल, ४ ओमचे किंवा वीज खाणारे मोठे स्पीकर, सोफा वीस फुटांवर. ते सोडले तर प्रामाणिक ७०-८० वॉट आपल्या फ्लॅटला पुरून उरतात.

खरी लढाई खोलीशी असते. पुण्या-मुंबईतल्या टू-बीएचकेचा हॉल धरू: १० बाय १६ फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये कोणता खर्ज अडकून घुमणार हे आवाजाच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की कळतं. १६ फुटांच्या बाजूला ३५ हर्ट्झ. १० फुटांच्या बाजूला ५७. जमीन ते स्लॅब ५९. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक बसतात, त्यामुळे या खोलीत ५७-५९च्या आसपासचा प्रत्येक ठोका फुगतो: ढोल, बास गिटार, गाडीचा दरवाजा, सगळं एकाच 'धम्म' आवाजात. लोक म्हणतात सबवूफर खराब आहे. सबवूफर बिचारा ठीक असतो. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेचं सरकतं दार, पडदे पातळ. वरच्या पट्टीतला आवाज काचेवरून आणि फरशीवरून उसळत राहतो, आणि संवाद विस्कटतात. पाच हजारांची जाड सतरंजी आणि भरगच्च पडदे अशा हॉलमध्ये जो फरक करतात तो रिसीव्हरच्या किमतीत पन्नास हजार वाढवूनही होत नाही. पुस्तकांचं उघडं कपाट मागच्या भिंतीला असेल तर उत्तमच.

सबवूफर कुठे ठेवायचा, यासाठी एक जुनी युक्ती आहे. तो उचलून तात्पुरता सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खर्ज भरपूर असलेलं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जायचं. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. घरच्यांना हा प्रकार पाहून हसू येतं, येऊ द्यावं.

चॅनलची निवडही खोलीतूनच निघते. ५.१मध्ये समोर डावा, मधला, उजवा, आणि सराउंडचे दोन स्पीकर कानांच्या किंचित मागे, समोरच्या मध्यापासून साधारण ११० अंशांवर. आपल्याकडे सोफा नव्वद टक्के घरांत मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा घरात ७.१ म्हणजे मागच्या दोन स्पीकरना जागाच नाही. ते भिंतीत घुसवले तरी आवाज थेट टाळूवर आदळणार. मग सात चॅनलच्या रिसीव्हरचे उरलेले दोन चॅनल छताकडे पाठवून ५.१.२ करता येतं. इथे छताचा प्रश्न येतो. आवाज छतावर आपटवून खाली आणणारे स्पीकर सपाट, कडक छत मागतात. मोकळा स्लॅब असेल तर ते बरं काम करतात. पीओपीच्या पायऱ्या, मधला बीम आणि ऐन मधोमध फिरणारा पंखा असेल तर पैसे वाया. छतात बसवायचे स्पीकर केव्हाही उत्तम, पण ते घराचं काम चालू असतानाच, पीओपीवाला उभा असतानाच ठरवावे लागतात. नंतर छत फोडायला घरातलं कोणीच तयार होत नाही. आणि हॉल 'एल' आकाराचा असेल, उजवीकडे भिंतीऐवजी डायनिंग असेल, तर आधी त्या बाजूचा सराउंड स्पीकर स्टँडवर उभा राहणार की छताला टांगणार, याचं उत्तर द्यावं. छताचं जमत नसेल तर नीट बसवलेलं ५.१ घ्यावं आणि अ‍ॅटमॉसचा विषय सोडून द्यावा, हे माझं मत बऱ्याच विक्रेत्यांना आवडत नाही.

खोलीशी लढायला रिसीव्हरकडे एक हत्यार असतं, आणि दोन रिसीव्हरमधला खरा फरक बहुधा तिथेच असतो: मायक्रोफोन लावून खोली मोजणारी आणि आवाज दुरुस्त करणारी यंत्रणा. डेनॉन आणि मॅरांट्झमध्ये ऑडिसी असते, तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. एक्सटी३२ ही वरची, खर्जाच्या दुरुस्तीत साध्या पायरीपेक्षा स्पष्ट पुढे. यामाहाची वायपीएओ, सोनीची स्वतःची, ओंक्योच्या काही मॉडेलमध्ये डिरॅक. डिरॅकचं नाव सध्या मोठं आहे आणि ते योग्यही आहे. फक्त ती खोक्यातच येते की लायसन्सचे पैसे वेगळे भरायचे, हे आधी विचारावं. डेनॉनच्या वरच्या मॉडेलवर ते वेगळे पडतात. दोन रिसीव्हर एकाच किमतीत असतील, एकात वॉट जास्त आणि दुसऱ्यात चांगली दुरुस्ती, तर डोळे झाकून दुसरा घ्यावा.

मोजणी करताना मात्र घाई नको. पंखा, एसी, फ्रिज बंद. मायक्रोफोन सोफ्याच्या गादीवर न टेकवता स्टँडवर, कानाच्या उंचीवर. सांगितलेल्या सगळ्या जागा घ्यायच्या, एकावर थांबायचं नाही. शेवटी यंत्र जे आकडे दाखवतं ते नजरेखालून घालावेत. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा चार-पाच फूट जास्त दिसलं तर घाबरू नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर यंत्र अंतर म्हणून मोजतं, तो तसाच राहू द्यावा. स्पीकर 'लार्ज' दाखवले असतील तर ते 'स्मॉल' करून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवावा. लहान बुकशेल्फ स्पीकरवर खर्जाचं ओझं टाकून ते दमवण्यात काही हशील नाही.

जोडण्यांचा भाग रुक्ष आहे, पण पश्चात्ताप इथेच होतो. टीव्हीवरच सगळी अ‍ॅप चालत असतील तर आवाज टीव्हीकडून उलटा रिसीव्हरकडे यायला हवा. त्यासाठी २००९ पासून एआरसी आहे आणि एचडीएमआय २.१ बरोबर ईएआरसी. लोकांना वाटतं अ‍ॅटमॉससाठी ईएआरसी हवीच. नेटफ्लिक्स-प्राइमवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्या पोटात दाबून येतं, ते साध्या एआरसीवरूनही जातं. ईएआरसी लागते ती ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसाठी, आणि अ‍ॅपल टीव्हीसारखा बॉक्स टीव्हीला जोडून तिथून रिसीव्हरकडे आवाज न्यायचा असेल तेव्हा. ब्लू-रेची डिस्क आपल्याकडे आता किती जण घेतात हा वेगळा प्रश्न. डीटीएसबाबत टीव्ही फार बेभरवशाचे. काही तो पुढे सोडतच नाहीत. हार्ड डिस्कवर जुना संग्रह असेल तर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा. गेम खेळणारं पोरगं घरात असेल तर ४के १२० हर्ट्झ नीट जातो का, ते त्याच कन्सोलवर दुकानात तपासून घ्यावं. २०२० मध्ये बाजारात आलेल्या अनेक नव्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआय २.१च्या चिपमध्येच दोष निघाला होता, आणि ठरावीक कन्सोलबरोबर चित्रच येत नव्हतं. ८के लिहिलेलं असेल तर त्याचे पैसे मनात शून्य धरावेत.

दुकानात कोणी आपणहून विचारत नाही, पण घरोघरी एकच तक्रार असते: संवाद ऐकू येत नाहीत, आणि गाणं किंवा गोळीबार सुरू झाला की खालचे काका बेल वाजवतात. सिनेमाचं मिश्रण थिएटरसाठी केलेलं असतं. तिथे कुजबुज आणि स्फोट यांत मोठं अंतर ठेवता येतं. घरात पंख्याच्या घरघरीखाली कुजबुज बुडते. उपाय दोन. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात खोल न कोंबता कडेपर्यंत पुढे आणावा, किंचित वर तिरपा करावा, आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी. संवाद जवळजवळ सगळे तिथूनच येतात, म्हणून मधल्या स्पीकरवर काटकसर करून मागच्या दोघांवर खर्च करणं हा उलटा कारभार. दुसरं, रिसीव्हरमध्ये आवाजाचा चढ-उतार आवळणारी रात्रीची सोय असते. वेगवेगळ्या कंपन्यांत तिची नावं वेगळी. ती रिमोटच्या एका बटणावर आहे की मेनूच्या पाचव्या पायरीखाली, हे खरेदीच्या वेळी बघावं, कारण पाचव्या पायरीखालची सोय घरात कोणी वापरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. अर्थात मोजणी बाहेरची, पण ३५ हर्ट्झची लाट दहा मीटर लांब असते आणि भिंत तिला अडवत नाही. फ्लॅटमध्ये सबवूफर जाड रबरी मॅटवर ठेवावा. नऊ इंची वूफर पुरत असताना बारा इंचाचा हट्ट सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातो.

ब्रँडचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला. डेनॉन आणि मॅरांट्झ ही दोन नावं २००२ पासून एकाच छत्राखाली आहेत, आणि २०२५ मध्ये ती सॅमसंगच्या मालकीच्या हार्मनकडे गेली. दोघांची काही मॉडेल आतून जवळची भावंडं आहेत; मॅरांट्झचं देखणेपण आणि थोडी वेगळी घडण यासाठी जास्त पैसे द्यायचे का, ते आपलं आपण ठरवावं. ओंक्योची जपानी मूळ कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नाव दुसऱ्यांच्या हाती जाऊन पायोनिअरबरोबर पुन्हा उभं राहिलं. यामाहा अजून स्वतःच्याच घरची आहे, तिची बांधणी मला आवडते आणि मेनू आवडत नाही. सोनीची मॉडेल कमी, पण नवशिक्याला सेटिंग सोपं. या पलीकडे अँथेम, आरकॅम, एनएडी: आवाज उंची, किंमतही उंची, आणि बिघडल्यावर सर्व्हिस मोठ्या शहरांतच. कोल्हापूर, लातूर, रत्नागिरीत राहणाऱ्याने ब्रँड निवडण्याआधी त्याचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते फोन करून विचारावं. वीस-बावीस पौंडांचं खोकं एसटीने पुण्याला पाठवणं मजेचं नसतं. वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची, हेही बिलावर लिहून घ्यावं. लॅमिंग्टन रोडवर किंमत दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आली की बहुधा तो फरक याच ओळीत लपलेला असतो.

परदेशातून आणायचा विचार अनेकांच्या मनात येतो. मुलगी न्यू जर्सीत, तिथे सेल लागलेला, आणि येताना बॅगेत जागा. अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला तर पहिल्याच सेकंदाला जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो दणकट हवा, त्याची स्वतःची घरघर असते, आणि वॉरंटी इथे कोणी मानत नाही. दुबईचा माल व्होल्टेजच्या बाबतीत चालतो, वॉरंटीचं तेच. सेलमध्ये वाचलेले पैसे इथेच संपतात.

घरी आणल्यावर त्याला हवा लागते. टीव्ही युनिटच्या बंद काचेमागे रिसीव्हर ठेवणारे सुतार आणि इंटिरिअरवाले यांच्याशी दोन शब्द बोलावे लागतात: वर किमान चार-सहा इंच मोकळे, मागची फळी कापलेली, आणि डोक्यावर सेट-टॉप बॉक्स नाही. आत बोर्ड जातात ते बहुधा उष्णतेने. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की फक्त स्विच नाही, प्लग काढावा आणि डिशची केबलही. वायर तांब्याची, १४ किंवा १६ गेजची. बाजारात स्वस्त मिळणारी आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा असते, टोक खरवडलं की आतली पांढरी चमक दिसते. घराचं काम चालू असेल तर वायरमनकडून सराउंडसाठी वेगळी पाइप टाकून घ्यावी, विजेच्या पाइपमधून ओढू देऊ नये.

ऐकून बघताना दुकानातला डेमो विसरावा. तिथे हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, पाऊस पडतो, आणि विक्रेता महागड्या रिसीव्हरवर आवाज नकळत जरा चढवतो. एखाद-दुसरा डेसिबल जास्त असला तरी कानाला तो आवाज चांगलाच वाटतो, मोठा असं जाणवत नाही. आपण पेन ड्राइव्हवर रोजचं काहीतरी न्यावं: स्वयंपाकघरात दोन माणसं बोलतायत असा प्रसंग, एखादा खयाल, आणि 'सैराट'सारखं भरगच्च वाद्यवृंदाचं काही. खयाल ऐकताना सगळ्या प्रक्रिया बंद करणारं 'डायरेक्ट' बटण दाबावं. तानपुरा दोन स्पीकरच्या मधोमध स्थिर बसला आणि त्याचे स्वर सुटे ऐकू आले तर तो रिसीव्हर आणि स्पीकर गाण्यालाही चालतील. जुने मराठी सिनेमे मोनोत आहेत. ते पाच स्पीकरांत पसरवण्याच्या फंदात न पडता मधल्या एकातून ऐकावेत, संवाद आणि गाणी दोन्ही नीट लागतात.

भाड्याच्या घरात, दहा बाय बाराच्या खोलीत किंवा भिंतीला भोक पाडायला मनाई असलेल्या ठिकाणी रिसीव्हर घेऊच नये. मागचे दोन वेगळे स्पीकर असलेला साउंडबार, किंवा दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, तिथे जास्त समाधान देतील. कमी पैशांत खरं ५.१ हवं असेल तर जुना रिसीव्हर हा चांगला मार्ग आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीचा, एआरसी असलेला, वजनदार रिसीव्हर नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. चित्र थेट टीव्हीला आणि आवाज एआरसीने रिसीव्हरला जोडला की त्याचं जुनं एचडीएमआय आड येत नाही. घेताना अर्धा तास चालू ठेवून बघावा, टेस्ट टोनने प्रत्येक चॅनल वाजवावा, प्रत्येक एचडीएमआयमध्ये केबल घालून चित्र येतं का बघावं, आवाज कमी-जास्त करताना खरखर होते का ऐकावं. आणि मोजणीचा मायक्रोफोन मागून घ्यावा. विकणाऱ्याकडे तो बहुधा सापडत नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा लावला तर मोजणी चुकते. तो नसेल तर किमतीतून दोन-तीन हजार खुशाल कमी करावेत.